पाचव्या मिनिटाची फिल्म



मूत्रसंस्थेची एक्स-रे फिल्म समोर लावली की माझ्या रेडिऑलॉजीच्या सरांचा पहिला प्रश्न ठरलेला असे : "कितव्या मिनिटाची?" रुग्णाचं वय, तक्रार, खडा दिसतो की नाही, हे सगळं त्यानंतर. मी त्यांच्या हाताखाली शिकायला आलो तेव्हा हा प्रश्न मला उमगत नव्हता. छातीच्या फिल्मला कुणी मिनिट विचारत नाही, मोडलेल्या हाताच्या फिल्मला तर नाहीच. मग पोटाच्याच फिल्मला का? डार्करूममधून ओली फिल्म हँगरवर अडकवून बाहेर आणायचो, खाली पाणी ठिबकत असायचं आणि सर फिल्मच्या कोपऱ्यातला शिशाच्या आकड्याचा ठसा शोधत असायचे. पाच, दहा, पंधरा. आकडा दिसला की मग मान वर करून मूत्रपिंडाकडे बघायचे.

आजचा विषय मी मागून घेतला आहे. मूत्रसंस्थेचा एक्स-रे निदानाला किती उपयोगी पडतो, असं त्याचं साधं रूप. या व्यासपीठावर शेतीवर, इतिहासावर, कवितेवर व्याख्यानं झाली आहेत. डॉक्टरकीतला असा कोपऱ्यातला विषय सर्वांपुढे आणायला मी धजलो, कारण या सभागृहात मुतखड्याची कळ ज्याच्या घरात कुणालाच कधी आली नाही असा माणूस सापडणं कठीण आहे. मला जे सांगायचं आहे ते सरांच्या त्या प्रश्नातच सामावलं आहे. मूत्रपिंड हा वाहता अवयव आहे. ओढ्याचा फोटो काढला तर त्यात पाणी आहे एवढं कळेल. पाणी वाहतंय की तुंबलंय, हे कळायला थोडा वेळ काठावर उभं राहावं लागतं.

आधी एक अडचण सांगतो. क्ष-किरणांच्या वाटेत जितका जड अणू येईल तितका तो त्यांना जास्त अडवतो. हाडात कॅल्शियम असतं, त्याचा अणुक्रमांक २०. म्हणून हाड पांढरं उमटतं. मूत्रपिंड बहुतांशी पाण्याचं, आणि त्याच्या आजूबाजूचे स्नायू, आतडी, यकृत हेही पाण्याचेच. साध्या फिल्मवर मूत्रपिंडाची कड दिसते ती त्याच्याभोवतीच्या चरबीमुळे. चरबी किरणांना कमी अडवते, म्हणून एक काळसर रेघ उमटते. बोटभर रुंदीचीसुद्धा नसलेली, सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची मूत्रवाहिनी तर अजिबात दिसत नाही. ती कुठून जाते हे माहीत असावं लागतं : कंबरेच्या मणक्यांच्या आडव्या फाट्यांच्या टोकांवरून खाली, मग ओटीपोटाच्या कडेशी मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडून मूत्राशयाकडे. रेडिऑलॉजिस्ट साध्या फिल्मवर या अदृश्य वाटेवरून बोट फिरवतो आणि वाटेत कुठे पांढरा ठिपका आहे का ते पाहतो.

विल्हेल्म रॉन्टजेन यांना वुर्झबुर्गमध्ये हे किरण सापडले ८ नोव्हेंबर १८९५ रोजी. पुढच्याच वर्षी ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत जॉन मॅकिंटायर यांनी मूत्रपिंडातल्या खड्याची छबी पकडली. शोध लागून वर्षही उलटलं नव्हतं. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत अश्मरीचे चार प्रकार सांगितले आहेत, ती कापून काढण्याची शस्त्रक्रिया आहे, त्या शस्त्रक्रियेतले धोकेही आहेत. पण सुश्रुतापासून मॅकिंटायरपर्यंतच्या साऱ्या वैद्यांना खडा शोधावा लागे तो रुग्णाच्या सांगण्यावरून, लघवीवरून आणि बोटांच्या स्पर्शावरून. जिवंत माणसाच्या मूत्रपिंडातला खडा कापण्याआधी डोळ्यांनी बघणं ही गोष्ट माणसाला १८९६ साली पहिल्यांदा जमली.

खडा दिसला, पण ज्या नळीत तो आहे ती दिसेना. १९०६ मध्ये जर्मनीत फ्रिट्झ फोल्कर आणि अलेक्झांडर फॉन लिख्टेनबर्ग यांनी खालून वाट काढली. मूत्राशयातून बारीक नळी मूत्रवाहिनीत सरकवायची आणि चांदीचं कलिल द्रावण आत सोडायचं. मूत्रपिंडाच्या पोकळीचं चित्र उमटलं. ते द्रावण घातक होतं, त्यात माणसं दगावली. पण ही उलटी वाट मात्र टिकली. सव्वाशे वर्षं होत आली तरी आजही ऑपरेशन थिएटरमध्ये, सुरक्षित औषध वापरून, ती रोज वापरली जाते.

खरी झेप पुढे आहे, आणि तिच्यावर मी जरा रेंगाळणार आहे. अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये उपदंशाच्या रुग्णांना आयोडाइडचे मोठे डोस देत असत. या रुग्णांची लघवी क्ष-किरणांना अडवते असं तिथल्या डॉक्टरांच्या ध्यानात आलं. आयोडीनचा अणुक्रमांक ५३, कॅल्शियमच्या अडीचपटीहून जास्त. १९२३ मध्ये ऑसबोर्न, राउंट्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडियम आयोडाइड देऊन मूत्रमार्गाची चित्रं काढून दाखवली. चित्रं फिकी होती आणि औषध पचायला जड. तरी विचाराची दिशा बदलली : नळी खालून वर घालायची गरज नाही, मूत्रपिंडालाच काम करू द्या, ते रक्तातलं आयोडीन गाळून स्वतःचं चित्र स्वतः काढील.

इकडे बर्लिनच्या कृषी महाविद्यालयात आर्थर बिन्झ आणि कुर्ट रेट हे रसायनतज्ज्ञ जंतुसंसर्गावर उतारा म्हणून आयोडीनयुक्त संयुगं बनवत होते. त्यातलं सेलेक्टान नावाचं एक औषध हॅम्बुर्गजवळच्या आल्टोना इथे लिख्टविट्झ यांच्या वॉर्डात वापरलं जात होतं. तिथे न्यूयॉर्कहून शिष्यवृत्तीवर आलेला एक तरुण होता, मोझेस स्विक. औषधाने जंतू किती मरतात हे सगळे बघत होते. स्विकने विचार केला तो औषधातल्या आयोडीनचा. हे लघवीतून बाहेर पडत असेल तर फिल्मवर दिसायला हवं. तो हे काम घेऊन बर्लिनला फॉन लिख्टेनबर्ग यांच्याकडे गेला. १९०६ साली खालून वाट काढणारे तेच लिख्टेनबर्ग. पाण्यात विरघळणारं, कमी त्रासाचं संयुग हाती आलं, त्याचं नाव युरोसेलेक्टान. सप्टेंबर १९२९ मध्ये म्युनिकच्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या अधिवेशनात चित्रं मांडली गेली आणि शिरेतून इंजेक्शन देऊन मूत्रसंस्था पाहण्याची पद्धत जगाला मिळाली. श्रेय कुणाचं यावरून पुढे मोठी कटुता आली. स्विकच्या वाट्याला मान्यता यायला अनेक दशकं गेली, आणि ज्यू असल्यामुळे लिख्टेनबर्ग यांना जर्मनी सोडावी लागली. ते १९४९ मध्ये मेक्सिकोत वारले. मला या कथेत दोघांबद्दलही आदर वाटतो. दुसऱ्या रोगाचं औषध, त्यातला दुसऱ्याच कामाचा अणू, आणि तो ओळखणारी नजर एका ठिकाणी आली म्हणून पुढच्या तीन पिढ्यांच्या डॉक्टरांना हे हत्यार मिळालं.

हीच ती आयव्हीपी. इथे बसलेल्या साठीपुढच्या अनेकांनी ती करून घेतली असेल. आदल्या रात्री जुलाबाच्या गोळ्या, सकाळी उपाशीपोटी दवाखान्यात, गार टेबलावर उताणं झोपायचं. आधी इंजेक्शनाशिवाय एक साधी फिल्म. ही फिल्म टाळून चालत नाही, कारण खडाही पांढरा आणि औषधही पांढरं. औषध एकदा उतरलं की खडा त्यात बुडून जातो. मग शिरेत औषध. अंगात गरम लाट येते, तोंडाला धातूची चव येते. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो, त्यामुळे मिनिटभरातच मूत्रपिंडाचा सगळा गर उजळतो. पाचव्या मिनिटाला औषध गाळून, आत लघवी जिथे गोळा होते त्या पेल्यांत उतरलेलं असतं. मग पोटावर पट्टा आवळून मूत्रवाहिन्या थोडा वेळ दाबून धरायच्या म्हणजे वरची पोकळी नीट भरते. कळ चालू असलेल्या रुग्णाला मात्र हा पट्टा लावायचा नाही. पट्टा सोडला की मूत्रवाहिन्या दिसतात, मग भरलेलं मूत्राशय, आणि लघवी करून आल्यावर शेवटची फिल्म. त्या शेवटच्या फिल्मवर मूत्राशयात किती उरलं हे दिसतं, आणि म्हाताऱ्या माणसाच्या प्रोस्टेटची गोष्ट तिथे कळते.

आता पाचवं मिनिट कशाला, ते सांगतो. निरोगी मूत्रपिंड पाचव्या मिनिटाला पेले भरून दाखवतं. एक बाजू भरली आणि दुसरी नुसतीच उजळून राहिली, पेले रिकामे, तर त्या बाजूला वाट अडली आहे. दहाव्या मिनिटाला नाही, पंधराव्याला नाही, तर तासाने फिल्म घ्यायची, मग दोन तासांनी, मग चार, गरज पडली तर दुसऱ्या दिवशी. औषध जिथवर सावकाश उतरतं आणि थबकतं, तिथे अडथळा. उशीर किती झाला यावरून अडथळा किती घट्ट आहे याचा अंदाज येतो. खड्याच्या आकारावरून हा अंदाज येत नाही. चार मिलिमीटरचा खडा वाट पूर्ण बंद करू शकतो आणि दीड सेंटिमीटरचा खडा पेल्यात वर्षानुवर्षं निमूट पडून राहू शकतो.

मराठवाड्यातला एक ट्रकचालक आमच्याकडे आला होता. डाव्या कुशीत कळ, उलट्या, लघवी लालसर. साध्या फिल्मवर डाव्या मूत्रवाहिनीच्या वाटेवर खडा दिसला. आयव्हीपीला बोलावलं, तो आला नाही. कुणी पानफुटीची पानं सांगितली, कुणी कुळथाचं पाणी. महिनाभरात कळ थांबली आणि खडा विरघळला असं त्याने साऱ्या गावाला सांगितलं. दोन वर्षांनी तो पोटात जड वाटतं म्हणून आला. साध्या फिल्मवर तोच खडा, बोटभर खाली सरकलेला. पाचव्या मिनिटाला उजवं मूत्रपिंड सुरेख भरलं. डावीकडे काही नाही. पंधराव्या मिनिटाला नाही, तासाने नाही, दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. ते मूत्रपिंड फुगून, पातळ होऊन, निकामी झालं होतं.

कळ का थांबली? कळ येते ती नळी आणि पोकळी अचानक ताणली गेल्यामुळे. वाट बंदच राहिली तर हळूहळू त्या मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त कमी होतं, गाळणं कमी होतं, आतला दाब उतरतो आणि दुखणं ओसरतं. काही आठवडे पूर्ण बंद राहिलेलं मूत्रपिंड पुरतं सावरत नाही. घरगुती उपायांवर माझा राग नाही. भरपूर पाणी पोटात गेलं तर बारीक खडा पडूनही जातो. पण दुखणं थांबलं म्हणजे खडा गेला असं धरून चालू नका, त्याची खात्री चित्राने करून घ्या, हे मी त्या दिवसापासून प्रत्येक रुग्णाला सांगत आलो.

विरघळण्याचा विषय निघालाच आहे तर निसर्गाची एक विलक्षण गोष्ट सांगतो. आपल्याकडे सर्वाधिक आढळणारे खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे. ते फिल्मवर ठसठशीत दिसतात आणि कोणत्याही औषधाने विरघळत नाहीत. युरिक ॲसिडचे खडे मात्र लघवीचं आम्ल कमी करणारं औषध नेमाने घेतलं तर खरोखर विरघळू शकतात, आणि नेमके तेच साध्या एक्स-रेवर दिसत नाहीत, कारण त्यांत कॅल्शियम नाही. म्हणजे "एक्स-रेत काही नाही" हे वाक्य कधीकधी रुग्णासाठी सर्वांत चांगली बातमी असतं, फक्त ते वाचणाऱ्याला पुढचा प्रश्न सुचला पाहिजे. आयव्हीपीत असा खडा पांढऱ्या औषधाच्या मधोमध काळी पोकळी म्हणून दिसतो. तशीच काळी पोकळी रक्ताच्या गुठळीची असते आणि गाठीचीही असते. तिथे घाई केली तर गफलत होते.

पांढरे ठिपकेसुद्धा फसवतात. ओटीपोटातल्या शिरांमध्ये चुना साचून बारीक गोल मणी तयार होतात. वयाबरोबर ते अनेकांच्या फिल्मवर दिसतात. गोल, गुळगुळीत आणि मधे थोडे फिके असले तर ते शिरेतले मणी समजायचे. मी शिकाऊ असताना अशा एका मण्याला खडा म्हणून लिहून दिलं होतं. त्या बाईंचं ऑपरेशन होता होता राहिलं, कारण सरांनी आदल्या संध्याकाळी तिरकी फिल्म काढायला लावली आणि मणी मूत्रवाहिनीपासून दूर सरकलेला दिसला. सर रागावले नाहीत. त्यांनी मला त्या बाईंच्या खाटेजवळ नेलं आणि त्यांना काय सांगायचं ते मलाच सांगायला लावलं.

एका आजाराबद्दल बोललो नाही तर आपल्या भागातली गोष्ट अपुरी राहील. मूत्रसंस्थेचा क्षय. रुग्ण महिनोन्महिने लघवीला जळजळ म्हणून येतो, सारखी सारखी लघवी, लघवीत पू. पण नेहमीच्या कल्चरमध्ये जंतूच वाढत नाहीत. अँटिबायोटिकचे कोर्स एकामागून एक होतात. आयव्हीपीत मात्र पेल्याची कड कसर लागलेल्या कापडासारखी कुरतडलेली दिसते. त्याच्या देठाशी नळी आवळलेली असते. पुढे मूत्रवाहिनी मण्यांच्या माळेसारखी होते, मूत्राशय आक्रसून इतकं लहान होतं की माणूस अर्ध्या तासाला उठतो. शेवटच्या टप्प्यात सारं मूत्रपिंड चुन्याने भरून साध्या फिल्मवरच पांढरं उमटतं, आणि त्या वेळेपर्यंत त्यातून काहीही गाळलं जात नसतं. ती कुरतडलेली कड वेळेवर दिसली तर क्षयाची औषधं आहेत. हे निदान मी फिल्मवर केलं तेव्हाचे रुग्ण मला आजही चेहऱ्यासकट आठवतात, कारण त्यांतल्या बहुतेकांना आधी "उन्हाळी लागली असेल" असं सांगून परत पाठवलेलं होतं.

लहान मुलांकडे वळतो. आईच्या पोटात असताना सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडं फुगलेली दिसलेला मुलगा जन्मतो. त्याच्या मूत्रमार्गात मागच्या बाजूला पातळ पडदा असू शकतो. लघवी येताना तो शिडासारखा फुगतो आणि वाट अडवतो. हे स्थिर चित्रात दिसत नाही. बाळ लघवी करत असतानाच पाहावं लागतं. मूत्राशयात बारीक नळी घालून औषध उंचीवरून सावकाश सोडायचं, किती सोडायचं याचा अंदाज वयाच्या वर्षांत दोन मिळवून तीसने गुणून मिलिलिटरमध्ये येतो, आणि मग बाळाच्या मर्जीची वाट बघत बसायचं. त्या क्षणी घेतलेल्या तिरक्या फिल्मवर मूत्रमार्गाचा वरचा भाग कुपीसारखा फुगलेला आणि पुढे अचानक बारीक झालेला दिसला की निदान झालं. पडदा दुर्बिणीतून छेदता येतो. मूत्राशयातून लघवी उलटी मूत्रपिंडाकडे चढते का, हेही याच तपासणीत कळतं, त्याच्या पाच पायऱ्या ठरलेल्या आहेत. सोनोग्राफी, सीटी, एमआरआय सारं येऊनही मुलग्यांमधल्या या पडद्यासाठी आजही याच तपासणीवर भिस्त आहे.

मोठ्यांसाठीही एक गोष्ट अशीच टिकून आहे. अपघातात कटीचं हाड मोडलेला माणूस येतो, लघवी होत नाही, मूत्रमार्गाच्या तोंडाशी रक्ताचा थेंब. अशा वेळी आधी कॅथेटर घालू नका. अर्धवट तुटलेला मूत्रमार्ग आंधळेपणाने ढकललेल्या नळीने पूर्ण तुटू शकतो. खालून थोडं औषध सोडून एक फिल्म घ्या. औषध बाहेर पसरलं तर मूत्रमार्ग फाटला आहे. ही फिल्म पाच मिनिटांत होते, तालुक्याच्या ठिकाणीही होते. आपल्या रस्त्यांवर दुचाकींचे अपघात रोज होत असताना ही गोष्ट प्रत्येक कॅज्युअल्टीत भिंतीवर लिहिलेली असावी असं मला मनापासून वाटतं.

आता सीटीबद्दल, कारण प्रश्न तिथेच येणार हे मला ठाऊक आहे. गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या यंत्रावर पहिला रुग्ण १९७१ मध्ये तपासला गेला. खड्याच्या कळेसाठी कोणतंही इंजेक्शन न देता सीटी करण्याची पद्धत मात्र १९९५ मध्ये अमेरिकेत येल इथल्या रेडिऑलॉजिस्टांनी मांडली आणि काही वर्षांतच आयव्हीपी मागे पडली. तिने मागे पडायलाच हवं होतं. साध्या एक्स-रेवर जवळपास निम्मे खडे निसटतात. सीटीवर जवळजवळ सगळे दिसतात, युरिक ॲसिडचेसुद्धा. जुलाब नाही, इंजेक्शन नाही, काही मिनिटांत काम. खड्याची घनता मोजून तो कशाचा असेल याचाही अंदाज येतो. कळ मुतखड्याची नसून अपेंडिक्सची किंवा फुगलेल्या महाधमनीची असेल तर तेही त्याच वेळी कळतं. मी तरुण सहकाऱ्यांना आयव्हीपी परत आणा असं सांगणार नाही.

पण बिनइंजेक्शनाच्या सीटीत मिनिट नाही. मूत्रपिंड फुगलेलं दिसतं, ते काम करतंय की नाही हे सांगता येत नाही. त्यासाठी इंजेक्शन देऊन टप्प्याटप्प्याने सीटी करावा लागतो, किंवा समस्थानिकांचा रीनोग्राम. हल्ली मी रिपोर्ट वाचतो तेव्हा खड्याचा आकार मिलिमीटरच्या दशांशापर्यंत लिहिलेला असतो, आणि त्या मूत्रपिंडाच्या कामाबद्दल एक ओळही नसते. रिपोर्ट लिहिणाऱ्यापेक्षा यात दोष तपासणीला पाठवणाऱ्या डॉक्टरच्या चिठ्ठीचा आहे. चिठ्ठीवर फक्त "सीटी" लिहिलेलं असतं. काय शोधायचं ते नसतं.

किरणांच्या मात्रेचाही विचार करायला हवा. जगात सरासरी माणसाला मातीतून, हवेतून, आकाशातून वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग आपोआप मिळतो. पोटाची एक साधी फिल्म त्याहून बरीच कमी, एक मिलिसिव्हर्टच्याही आत. पूर्ण आयव्हीपी तीनच्या आसपास. नेहमीच्या पद्धतीने केलेला पोटाचा सीटी दहाच्या घरात जातो. खड्यासाठी मुद्दाम कमी मात्रेचा केला तर तीनच्या खाली आणता येतो, आणि खडा तरीही दिसतो. एकदा सीटी करून खडा साध्या एक्स-रेवरही दिसतो अशी खात्री झाली, तर नंतर तो सरकला का, फुटला का, पडला का हे साध्या फिल्मवर बघावं. दर महिन्याला सीटी कशाला? तिशीतल्या माणसाला खडे पुन्हा पुन्हा होतात, त्याच्या पुढे आयुष्य पडलं आहे. गरोदर बाईला तर आधी सोनोग्राफीच. एक्स-रेच्या खोलीबाहेर पाळीची तारीख विचारतात तेव्हा आपल्या बायका संकोचतात. त्यांना तो प्रश्न का विचारला जातो हे कुणीतरी एक वाक्य बोलून सांगावं. एक्स-रेच्या यंत्रांवर आणि खोल्यांवर नियम घालणारी अणुऊर्जा नियामक परिषद मुंबईतच, अणुशक्तिनगरला आहे. शिशाची भिंत, दरवाजा, ॲप्रन यांचे नियम कागदावर चांगले आहेत. गावोगावी ते पाळले जावेत हे आपल्या हातात आहे.

इंजेक्शनाची भीती लोकांच्या मनात घट्ट आहे, आणि ती निराधार नव्हती. जुनी औषधं रक्तापेक्षा कित्येक पटींनी दाट होती. स्वीडनच्या टॉर्स्टन आल्मेन यांनी आयन न बनवणारी, कमी दाट औषधं करण्याची कल्पना १९६९ मध्ये मांडली. त्याचा फरक किती पडला हे जपानमध्ये मोजलं गेलं. कातायामा आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये ३ लाख ३७ हजारांहून अधिक इंजेक्शनांचा हिशेब प्रसिद्ध केला : जुन्या औषधाने गंभीर त्रास ०.२२ टक्के लोकांना, नव्याने ०.०४ टक्के. तरीही दम्याची, ॲलर्जीची, मधुमेहाची माहिती आधी सांगा, रक्तातल्या क्रिएटिनीनचा रिपोर्ट दाखवा. मूत्रपिंड आधीच थकलेलं असेल तर त्याच्यावर हे ओझं टाकायचं की नाही हा निर्णय डॉक्टरने विचार करून घ्यायचा असतो.

शेवटी साध्या फिल्मचा एक उपयोग सांगतो, जो सरांच्या काळात जवळजवळ नव्हता. १९७८ पासून डबल-जे नावाची नळी वापरात आली. दोन्ही टोकांना वळण असलेली ही मऊ नळी मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत आत ठेवतात, खडा काढल्यावर वाट उघडी राहावी म्हणून. ती काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत काढायची असते. आत राहिली तर तिच्यावर क्षार साचतात आणि नळीचाच खडा होतो. रुग्णाला बाहेरून काही दिसत नाही, टाका नाही, पट्टी नाही. तो विसरतो.

बीड जिल्ह्यातली एक ऊसतोड करणारी बाई कंबरदुखी म्हणून आली. मणक्याची फिल्म मागितलेली होती. फिल्मवर मणक्यांच्या डाव्या बाजूला वरपासून खालपर्यंत एक पांढरी नळी, वरच्या वळणाभोवती बोराएवढा खडा, खालच्या वळणाभोवती त्याहून मोठा. दोन हंगामांपूर्वी खड्याचं ऑपरेशन झालं होतं. नळी काढायच्या तारखेला टोळी कारखान्यावर गेली होती. त्यानंतर ती कधी या जिल्ह्यात, कधी त्या. सुटीच्या कार्डावर नळीचा उल्लेख होता, इंग्रजीत, दोन शब्दांत. तिला वाचता येत नव्हतं आणि नवऱ्याला इंग्रजी येत नव्हतं. नळी काढायला तिला तीनदा भूल द्यावी लागली.

तेव्हापासून आमच्याकडे नळी असलेली कोणतीही फिल्म पाकिटात जाण्याआधी, पाकिटावर जाड मार्करने मराठीत लिहिलं जातं : "पोटात नळी आहे. अमक्या महिन्यात काढायची." ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी टेक्निशियन नळीचं चित्र काढतो, दोन्ही टोकांना वळण असलेलं, आणि महिन्याऐवजी सणाचं नाव विचारून लिहून घेतो. त्या बाईच्या शेवटच्या फिल्मच्या पाकिटावर मी स्वतः लिहिलं होतं. नळी निघाली होती, तरी तिने विचारलं, "आता परत कधी यायचं?" मी म्हटलं, पाडव्याला. टोळी गावाकडे परतल्यावर ती पाडव्यानंतर चौथ्या दिवशी आली, हातात तेच पाकीट होतं.